पांढरी वाइन आणि माळव्याचं ऊन : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी चालवल्या जाणाऱ्या छोट्या वाइनरींवर आणि त्यांच्या पांढऱ्या वाइनवर लेख होता. वेल, टाकी आणि विक्री हे सगळं एकाच कुटुंबाच्या हाती असलं की वाइनला त्या जागेची चव येते, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर इंदूर, देवास आणि महूहून बरीच पत्रं आली. विषय वेगवेगळे असले तरी जवळपास प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी उष्णता किंवा हवा, नाहीतर दोन्ही आहेत. लाल वाइनला साल आणि बियांतल्या टॅनिनचा आधार असतो. पांढरीत तो जवळजवळ नसतो, त्यामुळे तिला आधार थंडाव्याचा. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

नाशिकच्या एका घरगुती वाइनरीतून आणलेल्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे बारीक खडे दिसले. बाटली फेकून द्यावी का?
— तुकोगंज, इंदूर

फेकू नका. नव्वद टक्के वेळा ते टार्टरेटचे स्फटिक असतात. द्राक्षात टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम दोन्ही असतात. वाइन थंड झाली की त्यांचं मीठ विरघळलेल्या स्थितीत राहत नाही, ते खाली बसतं किंवा बुचाला चिकटतं. बेकरीवाले वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर म्हणजे हेच मीठ, शुद्ध करून दळलेलं.

तरी खात्री करूनच घ्या. वाइन दुसऱ्या भांड्यात ओतून तळाचे खडे वाटीत काढा आणि त्यावर अर्धी वाटी उकळतं पाणी घाला. टार्टरेट असेल तर ढवळल्यावर मिनिटाभरात विरघळेल, काच तशीच राहील. बोटांत धरून पाहायला जाऊ नका. काच निघाली तर ती वाइन गाळूनसुद्धा वापरू नये, वाइनरीला बाटलीवरचा बॅच क्रमांक कळवावा.

मोठ्या वाइनरीत हे खडे बाटलीत येण्याआधीच टाकीत पाडतात. वाइन उणे ३ ते उणे ४ अंशांवर आठवडाभर ठेवायची, स्फटिक तळाशी बसले की थंड असतानाच गाळायची. कुटुंब चालवत असलेल्या वाइनरीला एवढ्या थंडाव्याचं विजेचं बिल जड जातं, म्हणून काही जण ही पायरी अर्धवट करतात किंवा गाळतच नाहीत. त्यात दोष काही नाही. पिण्याच्या आदल्या रात्री बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, हलक्या हाताने ओता आणि तळाची दोन-तीन चमचे वाइन बाटलीतच राहू द्या.

रतलामजवळ आमची वडिलोपार्जित जमीन आहे, काळी. पाणी ठिबकपुरतं आहे. दोन एकरांत पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावून घरचीच छोटी वाइनरी उभी करावी असं मुलांच्या मनात आहे. किती वाइन निघेल, काय लागेल आणि कुठे चुकतं?
— सुदामानगर, इंदूर

प्रश्न मोठा आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. सुरुवात मात्र टाकीपासून करू नका. आधी आबकारी विभागात परवान्याची, अन्नसुरक्षा नोंदणीची आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीची चौकशी करा, मग वेल लावा. वेल तीन वर्षांत फळाला येतो, तोवर कागद तयार नसतील तर वाइनची द्राक्षं बाजारात कोणी विकत घेत नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. खाण्याचा ग्राहक त्यांच्याकडे पाहणारही नाही.

जात म्हणाल तर पहिली पसंती शेनिन ब्लां. मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, आज सर्वांत जास्त दक्षिण आफ्रिकेत. उष्ण हवेतही तिचं आम्ल टिकतं, आणि नाशिक भागात ती रुजण्याचं मोठं कारण तेच. सोव्हिन्यों ब्लां नाजूक आहे. तिचा हिरव्या गवताचा, शिमला मिरचीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती उन्हात नाहीशी होतात. त्यामुळे ती लावायचीच असेल तर अर्ध्या एकरात, आणि पूर्वेचं सकाळचं ऊन मिळेल पण दुपारचं पानांआड राहील अशा बेताने.

काळ्या जमिनीचा त्रास हा की ती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात मुळं गुदमरतात आणि पुढे मणी फुगून पातळ होतात. माती परीक्षणात चुनखडी आणि क्षार दोन्ही पाहा. चुनखडी जास्त असली की लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. खाली तीन फुटांवर मुरूम लागत असेल तर उत्तम. नसेल तर गादीवाफे हातभर उंच करा आणि चर काढून पाणी शेताबाहेर न्या. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर वेलाचं कलम बांधतात तो, ११० आर जातीचा घ्यावा. खाण्याच्या द्राक्षासाठी सर्रास वापरला जाणारा डॉगरिज भारी जमिनीत फार जोर करतो, पानांची गर्दी होते आणि घड सावलीत जातात. दोन ओळींत अडीच मीटर आणि दोन वेलांत १.२ मीटर अंतर ठेवलं तर एकरी साधारण साडेतेराशे वेल बसतात. खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करतात.

छाटण्या नाशिकसारख्याच दोन: एप्रिलमध्ये नव्या काडीसाठी खरड छाटणी, पावसानंतर फळासाठी गोडी छाटणी. माळव्यात खरी कसोटी गोडी छाटणीच्या तारखेची. पाऊस पुरता सरायच्या आत केली तर कोवळ्या फुटीवर आणि घडावर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, आणि एका आठवड्यात पीक हातचं जातं. ऑक्टोबरच्या शेवटी केली तर फुलोरा डिसेंबरच्या थंडीत सापडतो, मणी नीट धरत नाहीत, आणि काढणी मार्चच्या उन्हात ढकलली जाते. उन्हात पिकलेल्या मण्यात साखर भराभर चढते पण आम्ल जळून जातं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा आमच्या मते सर्वांत सुरक्षित. मग फुलोरा नोव्हेंबरच्या मध्यावर, मण्यात पाणी उतरणं, म्हणजे मणी पिकू लागणं, डिसेंबरअखेर ते जानेवारीत आणि काढणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. जानेवारीत पाला पडण्याची, म्हणजे दंव गोठण्याची, भीती असेल त्या रात्री ठिबकने जमीन ओली ठेवावी. ओली जमीन दिवसा जास्त ऊब धरते आणि रात्री ती सोडते.

घड कमी ठेवा. एका वेलावर तीन किलो, म्हणजे एकरी चार टन. सात-आठ टनही निघतात, पण गोडी १७-१८ ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या टक्केवारीवर) अडते आणि वाइन पाण्यासारखी होते. भुरी या बुरशीसाठी गंधक वापरत असाल तर काढणीच्या आधी निदान पाच आठवडे थांबवा. मण्यावर राहिलेलं गंधक टाकीत जाऊन कुजक्या अंड्याचा वास तयार करतं.

काढणीचा दिवस रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजायच्या उपकरणावर, एकदा पाहून ठरत नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून आणि खालून, असे शंभर मणी गोळा करून एकत्र चुरा आणि त्या रसाची गोडी, आम्ल आणि सामू (पीएच) मोजा. शेनिनसाठी २०.५ ते २१.५ ब्रिक्स, आम्ल लिटरला ७ ग्रॅमच्या आसपास आणि सामू ३.३ च्या आत. यात सामूला सर्वांत जास्त मान द्या. कारण वाइन टिकवण्यासाठी पुढे सल्फाइट (सल्फर डायऑक्साइड देणारं संयुग) किती लागेल ते सामू ठरवतो. ३.२ सामूला लिटरमागे २०-२१ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. ३.५ झाला की तेवढ्याच संरक्षणाला ४० लागतो, म्हणजे दुप्पट.

तोडणी पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवा. पहाटे मणी १२ ते १४ अंशांवर असतात, दुपारी तेच २८-३० वर जातात. थंड मणी मिळाले की रस थंड करणाऱ्या चिलरचं निम्मं काम शेतातच झालं म्हणायचं. क्रेट उथळ, १५-१६ किलोचे. खोल क्रेटमध्ये खालचे मणी फुटतात, रस हवेत उघडा पडतो आणि तासाभरात तपकिरी होतो.

आता तळघराचा हिशोब. दोन एकरांचे आठ टन. एका टनाला तयार वाइन ६०० लिटर धरा, म्हणजे ४,८०० लिटर, ७५० मिलिलिटरच्या ६,४०० बाटल्या. द्राक्षं पिळायला दाब हळूहळू वाढवणारा न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा) प्रेस घ्यावा. सुरुवातीचा रस आणि एक बार दाबापर्यंतचा रस एकत्र चालतो. त्यापुढचा वेगळ्या टाकीत घ्या, त्यात साल आणि देठांचा कडवटपणा उतरतो. प्रेसमधून रस पडतानाच १०० लिटरमागे ८ ते ९ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घाला, त्याने लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. रस रात्रभर १० अंशांवर निवळू द्या, सकाळी वरचा निवळ रस काढा. गढूळ रस आंबवला तर वास जड येतो. अगदी काचेसारखा स्वच्छ आंबवला तर यीस्टला खायला मिळत नाही. थोडा धूसर असावा.

यीस्ट १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम. दहापट कोमट पाण्यात, ३७ ते ४० अंशांवर, २० मिनिटं भिजवा. मग थोडा थोडा टाकीतलाच रस मिसळून ते मिश्रण थंड करत न्या, कारण यीस्ट आणि रस यांच्यात दहा अंशांहून जास्त फरक असेल तर बरंच यीस्ट धक्क्याने मरतं. सर्वाधिक टाक्या इथे अडतात, आणि दोष मात्र द्राक्षाला दिला जातो.

आंबवण १३ ते १६ अंशांवर, दोन ते तीन आठवडे. थंडावा का लागतो ते आकड्यातच पाहा. एक ब्रिक्स साखर आंबली की रस सुमारे १.३ अंश तापतो. २१ ब्रिक्सचा रस थंड न करता सोडला तर त्याच्यात जवळजवळ २७ अंशांची उष्णता साठते. २० अंशांवर सुरू केलेली टाकी मोठी असेल तर ती चाळिशीकडे जाते, तिथे यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि त्यावर जिवाणू बसतात. वास तर त्याच्या कितीतरी आधी उडून गेलेला असतो. उलट, दिवसाला दीड ब्रिक्स उतरत असेल तर दिवसाला दोनच अंश वाढतात. म्हणजे १४ अंशांवरच्या टाकीची वीज अर्धा दिवस गेली तर घाबरू नये. दोन दिवस गेली तर मात्र जनरेटर हवाच.

टाक्या ३०४ प्रतीच्या स्टीलच्या, थंड पाण्याच्या जॅकेटसह, २,००० लिटरच्या तीन. आंबताना फेसासाठी १५ टक्के जागा रिकामी सोडावी लागते. आंबवण संपल्यावर नेमकं उलटं करायचं, टाकी गळ्यापर्यंत भरलेली हवी. म्हणून ५०० आणि २५० लिटरच्या लहान टाक्या जोडीला असू द्या. उरलेली वाइन त्यांत भरता येते. नव्या घरगुती वाइनरीत पैसे वाचवायला या लहान टाक्याच गाळल्या जातात. मग अर्धी भरलेली मोठी टाकी उन्हाळाभर हवा खात बसते आणि जूनपर्यंत वाइनला दबलेल्या सफरचंदाचा वास येतो. पाणीही धरा, धुण्यासाठी एका लिटर वाइनमागे पाच-सहा लिटर सहज जातं.

पुणे-मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे वाइनच्या जाती, खुंट आणि छाटणी यांवर चांगलं काम आहे. लागवडीपूर्वी मातीचा अहवाल घेऊन तिथे एकदा जाऊन यावं.

बाटली उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला, दहा मिनिटांनी कमी झाला. वाइन बिघडली होती का?
— महू

बिघडली नव्हती, अपुरी होती. रसात नत्र कमी पडलं की यीस्ट गंधकाच्या संयुगांवर येतं आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतं. वाइनरीत आंबवण चालू असताना रोज टाकी हुंगली तर हा दोष पहिल्याच दिवशी कळतो. १०० लिटरला २० ते ३० ग्रॅम नत्र असलेलं डायअमोनियम फॉस्फेट दोन हप्त्यांत दिलं की सुटतो. साखर दोन-तृतीयांश संपल्यावर मात्र ते देऊन उपयोग नाही, यीस्ट तेव्हा घेत नाही.

आपल्या हातात एवढंच की वाइन एका मोठ्या जगमध्ये वरून ओता आणि दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये उघडी ठेवा. हलका दोष असेल तर जातो. कारण शोधायचंच असेल तर अर्ध्या पेल्यात तांब्याची स्वच्छ घासलेली तार अर्धा मिनिट फिरवा. वास लगेच गेला तर तो हायड्रोजन सल्फाइडच. हा पेला मात्र ओतून द्या, आंबट पदार्थात तांबं उतरतं. तारेनेही वास गेला नाही, कांदा-लसणीसारखा राहिला, तर तो जुना मुरलेला दोष आहे. तशी बाटली दुकानात परत नेण्याचा आपल्याला हक्क आहे.

आमच्या घरी अंडं चालत नाही. वाइन शाकाहारी असते का?
— रामबाग, इंदूर

द्राक्ष आणि यीस्ट शाकाहारीच आहेत. प्रश्न येतो तो निवळण्यासाठी काय वापरलं याचा. वाइन निवळायला जगभर अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन आणि माशाच्या पिशवीपासून काढलेलं आयसिंग्लास वापरत आले आहेत. हे पदार्थ वाइनमधला गाळ घेऊन खाली बसतात आणि काढून टाकले जातात, पण संपर्क आलेला असतो. ज्यांना तो नको त्यांनी विचारून घ्यावं.

पांढऱ्या वाइनला मुख्यतः बेन्टोनाइट लागतं. ही एक प्रकारची माती आहे. उन्हाळ्यात बाटली गरम झाली तर द्राक्षातली प्रथिनं गोठून वाइन ढगाळ होते. बेन्टोनाइट ती प्रथिनं आधीच ओढून घेतं. १०० लिटरला ५० ते १०० ग्रॅम, आदल्या रात्री गरम पाण्यात भिजवून. किती घालायचं ते अंदाजाने ठरवू नये. लहान नमुना ८० अंशांवर काही तास तापवून थंड करतात, ढग दिसला नाही तेवढंच प्रमाण घेतात. छोट्या वाइनरीत बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. बाटलीवर हिरवा ठिपका सापडेलच असं नाही, म्हणून वाइनरीला सरळ विचारा : निवळायला काय वापरलंत? घरची वाइनरी असेल तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

मे महिन्यात बाटली दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली. आता प्यावी का? आणि एसी नसलेल्या घरात बाटल्या ठेवाव्या कुठे?
— टिळकनगर, इंदूर

आधी बाटलीचं तोंड पाहा. बूच वर सरकलं असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल तर आतली वाइन फुगून बाहेर आली होती आणि थंड होताना हवा आत गेली. अशी वाइन महिन्याभरात उतरेल, लगेच उघडून पाहा. तोंड स्वच्छ असेल तर एका दुपारीने सर्वनाश होत नाही. वाइन अपायकारक होत नाही, तिचा ताजा वास जातो आणि शिजवलेल्या फळाचा येतो. रंग सोनेरीकडून तांबूस झाला असेल तर स्वयंपाकात वापरावी.

ठेवायला १२ ते १५ अंश उत्तम, २५ च्या आत चालतं. कूलर लावलेली खोली इंदूरच्या मेमध्ये त्याच्यावरच राहते, आणि दिवस-रात्रीचा चढउतार बाटलीला जास्त बाधतो. त्यामुळे साधा सल्ला : पांढरी वाइन साठवू नका, लागेल तशी आणा. आणलेली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी दोन महिने आरामात राहते. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मांडू नका, बिनरंगी काचेच्या बाटलीतून उजेड सरळ आत जातो. आणि घेताना वर्ष बघा. साधी शेनिन किंवा सोव्हिन्यों काढणीनंतर दोन वर्षांच्या आतली असावी.

इंदुरी आणि आपल्या मराठी जेवणाबरोबर कुठली पांढरी वाइन जाते?
— लोकमान्यनगर, इंदूर

आपल्या जेवणात तिखट, आंबट आणि गूळ एकाच ताटात असतात, म्हणून कोरड्या (साखर न उरलेल्या), ओकच्या लाकडी पिंपातल्या वाइन इथे हरतात. तिखटावर जास्त अल्कोहोल आणि ओक दोन्ही झोंबतात. १२ टक्क्यांच्या आसपासची, लिटरला ५ ते १० ग्रॅम साखर शिल्लक असलेली शेनिन घ्या. भुट्ट्याच्या किसाबरोबर ती फार सुरेख लागते. किसातली मक्याची आणि दुधाची गोडी वाइनच्या गोडीला भेटते आणि आम्ल हिंगाच्या फोडणीला हलकं करतं. अळूवडीलाही हीच, कारण तिच्यात चिंच-गूळ आहे. पदार्थाहून वाइन कमी गोड असेल तर ती आंबट आणि कडू भासते. म्हणूनच श्रीखंडाबरोबर कोरडी वाइन कधीच देऊ नये. द्यायचीच तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन.

थंडीतल्या गराडूवर (तळलेल्या कंदावर) जिरावण मसाला आणि लिंबू असतं, आणि खाली तळणीचं तेल. तिथे सोव्हिन्यों ब्लां. कोथिंबीर वडी आणि सुरळीच्या वडीलाही तीच, तिच्या हिरव्या वासाला कोथिंबिरीची जोड मिळते. दाल-बाफल्यावर तुपाची धार असते, तूप कापायला भरपूर आम्लाची कोरडी शेनिन हवी. रतलामी लवंगी शेवेशी मात्र कुठलीच पांढरी वाइन जुळत नाही, लवंग जीभ बधिर करते. उपासाच्या साबुदाणा खिचडीविषयीही दोन पत्रांत विचारणा आहे. चवीने जमतं, उपासाचं ज्याने त्याने ठरवावं.

तपमान विसरू नका. शेनिन ८ ते १० अंश, सोव्हिन्यों त्याहून एक अंश कमी. साध्या फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका, काचेला तो जागोजागीच टेकतो. पेल्यात शंभर मिलिलिटरच ओता. उन्हाळ्यात मोठा पेला अर्धा होईतो कोमट होतो.

फेब्रुवारीत नाशिकला जाऊन एखादी कुटुंबाची वाइनरी पाहायची आहे. काय पाहावं, काय विचारावं, बाटल्या आणता येतील का?
— देवास

फेब्रुवारी अगदी योग्य, तेव्हा पांढऱ्या द्राक्षांची काढणी चालू असते. इंदूरहून सेंधवा-धुळे-मालेगाव मार्गे साधारण ४०० किलोमीटर. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी आणि निफाड तालुक्यातलं विंचूरचं वाइन पार्क हे तीन भाग प्रसिद्ध आहेत. लहान ठिकाणी फोन करूनच जा, काढणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं कामावर असतात. सकाळी आठला पोहोचलात तर प्रेस चालू असलेला बघायला मिळेल.

द्राक्ष स्वतःचं की विकतचं, ते पहिलं विचारा. विकतचं असणं वाईट नाही, पण छाटणी आणि फवारणी कोणाच्या हाती आहे हे कळतं. मग टाकीवरचा तापमापक पाहा. आंबणारी पांढरी टाकी २० अंशांच्या वर असेल तर त्या वाइनकडून फार अपेक्षा ठेवू नका. जमीन ओली पण स्वच्छ हवी, आंबट शिरक्याचा वास कुठेच येता कामा नये. आणि चालू वर्षाची टाकीतली धूसर वाइन चाखायला मागा. तयार बाटलीपेक्षा तिच्यात त्या शेताचा गुण उघडा दिसतो. चाखण्याचे सहा नमुने म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या वर वाइन होते, बाटलीचा चौथा हिस्सा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर वाहन चालवणं गुन्हा आहे. गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये.

बाटल्यांचं उत्तर कडक आहे. प्रत्येक राज्याचं मद्यशुल्क वेगळं असतं, आणि महाराष्ट्रात कर भरलेली बाटली मध्य प्रदेशात आपोआप वैध होत नाही. परवान्याशिवाय सीमा ओलांडू नये. आधी इंदूरच्या आबकारी कार्यालयात विचारा, किंवा त्याच वाइनरीची बाटली इथल्या परवानाधारक दुकानात मिळते का ते पाहा.

बाजारातल्या थॉम्पसन द्राक्षांची घरी पाच लिटर पांढरी वाइन करायची आहे. कृती द्याल का?
— स्नेहलतागंज, इंदूर

देता येणार नाही. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरापुरतं असलं तरी. शिवाय थॉम्पसन वाइनचं द्राक्ष नव्हे. मणी मोठा करायला संजीवक दिलेलं असतं, रसाला स्वतःचा वास जवळजवळ नाही. बाजारातली द्राक्षं आणून त्यांचं सरबत किंवा मुरांबा करा.

उघडलेली अर्धी बाटली किती दिवस टिकते? उरलेली कशात वापरावी?
— टिळकनगर, इंदूर

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस. सोव्हिन्यों तीन, शेनिन पाच. अर्धी उरेल असं आधीच वाटत असेल तर उघडल्याबरोबर ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. हवा राहिली नाही की आठवडा सहज निघतो. हवा काढणारा हातपंप त्याच्याइतका उपयोगी नाही, हवेबरोबर वासही ओढला जातो.

उरलेली बर्फाच्या साच्यात गोठवा. मशरूम, मटार किंवा फरसबी परतताना आच मोठी ठेवून दोन-तीन तुकडे टाका आणि पाणी आटेपर्यंत परता. दूध किंवा साय घालायची असेल तर वाइन पूर्ण आटल्यावर, गॅस बारीक करून. आधी घातली तर आम्लाने फुटते. लोखंडी किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात करू नका, स्टीलचं घ्या.